घोड्याचा केस, कोंबडीचं पीस आणि तापलेलं भांडं: अंगणातल्या राकूची सगळी कृती

मी केलेलं पहिलं भांडं आमच्या गल्लीतल्या कुंभारमामांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात फिरवलं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "आव्यातनं मडकं काळं निघालं की आमची म्हातारी शिव्या घालायची, आणि तू गॅस जाळून मुद्दाम काळं करतीयास व्हय?" त्यांचं बरोबरच आहे म्हणा. माठावर धुराचा डाग पडला तर गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि इथे सगळा खेळच त्या डागाचा. तापलेल्या मातीवर केस, पीस, साखर असं काही टेकवलं की ते जळतं, जळताना त्यातला कार्बन मातीच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि तिथेच बसतो. वर ग्लेझ म्हणजे काचेसारखा थर नसतो त्यामुळे जे उमटतं ते थेट मातीत. बस, एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळं टायमिंग.

राकू म्हणजे भांडं लालभडक असतानाच भट्टीतून बाहेर काढायची रीत, ती मूळची जपानची. १६ व्या शतकात क्योटोमध्ये चोजिरो नावाच्या कारागिराने चहाचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी वाडगे केले, तिथून हे सुरू झालं. पण तिकडे भांडं लालभडक असताना चिमट्यानं बाहेर काढून नुसतं हवेत गार करायचे, भुशात घालून धूर देणं हे त्यात नव्हतं. ते १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर या सिरॅमिक कलाकारानं सुरू केलं आणि आज आपण राकू म्हणतो ते बहुतेक हे दुसरं. केस आणि पिसं चिकटवायची पद्धत त्याच कुटुंबातली, फक्त इथे धूर द्यायचा डबा आणि भुसा लागत नाही, भांडं उघड्यावर ठेवून त्यावर हातानं काम करायचं. मी मिरजेजवळ राहते, मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथं हे सगळं करते. खाली जे लिहिलंय ते तिथंच भांडी फोडून फोडून कळलेलं आहे.

माती आणि आकार

आपल्याकडची काळी माती यासाठी नको. ती ओली असताना फुगते, वाळताना भेगाळते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात ते वेगळंच दुखणं, भाजल्यावर आठ दिवसांनी सुद्धा हवेतली ओल पिऊन चुना फुगतो आणि भांड्याचा टवका उडतो. विकतची ग्रॉगवाली (ग्रॉग म्हणजे काय ते लगेच सांगते) स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी, मिळाली तर सगळ्यात सोपं. मी दोन्ही वापरते, आणि स्थानिक माती वापरायची असेल तर मामांची कमावलेली लाल माती घेऊन त्यात कुटलेल्या खापराची पूड घालते, चहाच्या गाळणीतून गाळलेली, साधारण चार भाग मातीला एक भाग. ही पूड म्हणजेच ग्रॉग. ती एकदा भाजून झालेली असते त्यामुळे परत आकसत नाही, मातीत मोकळेपणा ठेवते आणि भांडं ७०० डिग्रीवरून एकदम बाहेरच्या हवेत आलं तरी तो धक्का सोसतं. ग्रॉग न घालता केलं तर पाचातली तीन फुटतील असं धरून चाला.

आकार गोल ठेवा. १०-१५ सेंटीमीटर उंचीची, गोलसर पोटाची, आत वळलेल्या खांद्याची छोटी भांडी सुरुवातीला बरी, जाडी सगळीकडे सारखी ५-६ मिलीमीटर. चपट्या ताटल्या करू नका, एक कड आधी गार होते आणि मधून टच्च. खांदा का म्हणतेय ते पुढे कळेल, केस तिथे टिकतो, उभ्या पोटावरून घसरतो.

झिलई

केसाची रेघ खरखरीत मातीवर फुटते, तुटक दिसते. पृष्ठभाग गुळगुळीत आणि फिकट हवा. त्यासाठी टेरा सिजिलाटा म्हणून एक पातळ मातीचं पाणी करतात, नाव मोठं आहे पण काम ताक करण्यासारखं आहे. १ किलो सुका बॉल क्ले (बारीक कणांची, भाजल्यावर फिकट होणारी माती), ३ लिटर पाणी, ५ ग्रॅम सोडियम सिलिकेट. आधी सोडियम सिलिकेट थोड्या गरम पाण्यात विरघळवायचं, मग सगळं एकत्र करून भरपूर घुसळायचं आणि पारदर्शक बरणीत २० ते २४ तास अजिबात न हलवता ठेवायचं. अजिबात म्हणजे अजिबात, मी एकदा झाकण नीट बसलंय का बघायला बरणी उचलली आणि सगळं परत पहिल्यापासून. जाड कण खाली बसतात, अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, आपल्याला तेच वरचं दुधासारखं पाणी हवंय. ओतू नका, बारीक नळीनं ओढून घ्या, तळाचा गाळ वापरायचा नाही.

हे पाणी पूर्ण वाळलेल्या, न भाजलेल्या भांड्यावर मऊ ब्रशनं तीन-चार हात लावायचं. आधी भांडं ओल्या बोटानं पुसून धूळ काढा. प्रत्येक हात ओला चकाकून मग मंद पडतो, मंद पडला की लगेच बोटाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून गोल गोल घासायचं. एकदम आरशासारखी चमक येते, पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसत नाही. मामा हेच काम गारगोटीनं घोटून करतात, ते म्हणाले पाणी-बिणी कशाला, नदीचा एक गोटा घे. कृष्णेच्या गोट्यानं मी करून बघितलं, होतं, पण एका भांड्याला दीड तास आणि मनगट दुखतं ते वेगळं. त्यांच्या मनगटाला पन्नास वर्षांची सवय आहे.

मग बिस्क, म्हणजे पहिली भाजणी, ९०० डिग्रीच्या आसपास थांबवायची. १००० च्या वर गेलात तर झिलई मरते आणि माती घट्ट होऊन छिद्रं कमी होतात. पहिले २०० डिग्री फार हळू, तीन-चार तास, कारण मातीतलं पाणी तेव्हाच निघतं आणि घाई केली की आत फटाका.

भट्टी

२०० लिटरचा तेलाचा रिकामा ड्रम, नीट धुतलेला, अर्धा कापून. आतून २५ मिलीमीटर सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे (उष्णता अडवणारी जाड गादी) दोन थर, १२६० डिग्रीवालं, १२८ डेन्सिटीचं. खाली बर्नरसाठी १० सेंटीमीटरचं भोक, वर तेवढंच धुरासाठी. ड्रम उलटा टोपीसारखा उचलता येईल असा करा, खालचा तळ फायरब्रिकचा, म्हणजे भट्टीच्या विटांचा, म्हणजे भांड्यापर्यंत हात सहज पोचतो, वाकून आत डोकवायला लागत नाही. तापमानासाठी के टाइप थर्मोकपल (भट्टीत घालायची तापमान मोजणारी तार) आणि साधा डिजिटल मीटर. डोळ्याच्या अंदाजावर पहिली दहा भांडी करू नका, पैसे त्या मीटरवर घाला, बाकी जुगाड चालतं. फायबर कापताना एन९५ मास्क लावा, त्याची कुसळं फुफ्फुसात जातात आणि अंगाला खाज सुटते ती रात्रभर.

गॅस १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर, घरातला लाल सिलेंडर या कामाला आणायचा नाही. हाय प्रेशर रेग्युलेटर, चांगली नळी, सिलेंडर भट्टीपासून निदान तीन मीटर लांब. बराच वेळ जोरात चालवला की सिलेंडरवर बर्फासारखं दव धरतं आणि प्रेशर पडतं, तेव्हा तो साध्या पाण्याच्या टपात उभा करायचा, गरम पाणी कधीच नाही.

आणि जागा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. ऊस तुटून गेल्यावर रानात वाळलेलं पाचट पडलेलं असतं, एक ठिणगी पुरते. शेजारच्या रानात पाचट असेल तर त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही, सरळ पुढे ढकलायची. वारं सुटलं असलं तरी नाही. मी संक्रांत ते शिवरात्र या दिवसांत, संध्याकाळी पाचनंतर करते. पाण्याच्या दोन बादल्या, वाळूचं घमेलं, सुती कपडे, ओढणी नाही, केस बांधलेले, वेल्डरचे चामड्याचे हातमोजे, गॉगल. लांब चिमटा लोहाराकडून करून घ्या, टोकं भांड्याच्या पोटाला बसतील अशी वाकवून.

केस कुठून आणायचे

वरातीचा घोडा ठेवणाऱ्या एका काकांकडे गेले. मी काय मागतेय हे कळायला त्यांना जरा वेळ लागला, आधी वाटलं मी करणी-बिरणी करणारी आहे. मग म्हणाले, "शेपटीला कात्री लावू देणार नाही ताई, खरारा करताना निघतात ती साठवून देतो." तेच पाहिजे असतं. शेपटीचा केस जाड, त्याची रेघ ठसठशीत काळी, आयाळीचा बारीक, त्याची रेघ कोळ्याच्या जाळ्यासारखी. दोन्ही वेगळे ठेवा. शाम्पूनं दोनदा धुवा, तेल राहिलं तर जाळ होतो आणि रेघेऐवजी काळा डाग पसरतो. वाळवून २०-२५ सेंटीमीटरचे तुकडे करून कागदावर सुटे मांडून ठेवायचे, गुंता नको, भांडं बाहेर काढल्यावर हातात दोनच मिनिटं असतात, त्यात गुंता सोडवायला वेळ मिळत नाही. मिरजेत वाद्यांची दुकानं आहेत, व्हायोलिनच्या गजाला घोड्याचेच केस असतात, बदलून काढलेले जुने केस मिळाले तर तेही चालतात, पण धुऊन, कारण त्याला राळ लागलेली असते.

इथे माझी एक फजिती. एका दुकानातून "शंभर टक्के घोड्याचे" म्हणून एक जुडी आणली, भट्टी लावली, भांडं काढलं, केस टेकवला आणि त्याचा थेंब झाला. नायलॉन! भांड्यावर तपकिरी चिकट ठिपके आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास. तेव्हापासून आधी एक केस काडीनं पेटवून बघते. खरा केस चुरचुरत जळतो, वास केस जळल्याचा येतो आणि टोकाला राहिलेलं बोटानं चुरडलं की पूड होते. खोटा वितळून मण्यासारखा कडक गोळा होतो.

माणसाचे केस चालतात, पण रेघ अगदीच पुसट. कोंबडीची पिसं चिकनच्या दुकानातून फुकट मिळतात, साबणानं धुवून दोन दिवस वाळवायची, मधली जाड काडी खालून कापून टाकायची कारण तिचा भदाडा डाग पडतो. मोराच्या पिसाच्या नादाला लागू नका, त्याचा निळा डोळा उमटत नाही, रंग जळून जातो आणि राहतं ते कोणत्याही पिसासारखंच. तसंच हळदीचं. सांगलीत राहायचं म्हटल्यावर मी हळद टाकून बघितलीच, पिवळं काही येत नाही, काळपट ढग येतो. वनस्पतीचा रंग त्या उष्णतेत टिकतच नाही. काथ्या, मक्याचे केस, पानं यांचंही असंच, भस्सकन पेटतात आणि धुराचा डाग ठेवतात, रेघ नाही. केस आणि पीस आकसत आकसत जळतं, मातीला धरून जळतं, म्हणून त्याची रेघ येते.

ती दोन मिनिटं

भांडं भट्टीत ठेवून पहिले ३०० डिग्री सावकाश, मग वाढवत पाऊण तासात ७२० ते ७५० पर्यंत. गॅस बंद, ड्रम उचला, चिमट्यानं भांडं धरा आणि इन्सुलेशन ब्रिकवर, म्हणजे उष्णता न ओढणाऱ्या हलक्या विटेवर, ठेवा. सिमेंटच्या कोब्यावर ठेवायचं नाही. मी ठेवलं होतं, बुड गार, अंग गरम, तीन सेकंदात टच्च आवाज आणि बुडाभोवती गोल भेग. वीट एखाद्या लोखंडी फिरत्या पाटावर ठेवली तर भांडं फिरवून चारी बाजूंनी काम करता येतं.

आता घाई करायची नाही, इथेच सगळे चुकतात. भांडं लाल दिसतंय तोपर्यंत केस लावला तर तो क्षणात उडून जातो, खाली काहीच राहत नाही, कारण एवढ्या उष्णतेत कार्बनसुद्धा जळून जातो. सावलीत बघितलं तर लाली साधारण ५२५-५५० च्या आसपास दिसेनाशी होते, म्हणून तर मी संध्याकाळी करते, भर उन्हात लाली कळतच नाही. लाली गेली की एक केस बुडाजवळ, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी टेकवा. तव्यावर भाकरी टाकायच्या आधी पाण्याचा शिपका मारून बघतो ना, तसंच. केस गायब झाला आणि माती पांढरीच राहिली तर थांबा, दहा सेकंद मोजा. केस साप वळवळल्यासारखा वळला, चुर्र झाला आणि खाली काळी कडक रेघ राहिली तर हीच वेळ. केस नुसता पडून राहिला, आळसटल्यासारखा धूर सोडत चिकटला तर उशीर झाला, आता जे राहील ते पुसताना निघून जाईल.

वेळ आली की केसाची दोन्ही टोकं धरून मधला भाग आधी टेकवायचा आणि सोडून द्यायचं. तुम्ही रेघ काढत नाही, केस काढतो. तो आपोआप आकसतो, वळतो, उडी मारतो, आणि त्याला सरळ करायला गेलात की रेघ मरते. खांद्यावरून सुरुवात करा, केस तिथे आडवा राहतो, मग पोटाकडे या. दोन-तीन केस एकत्र टाकले की वाळक्या बाभळीच्या फांदीसारखं येतं. माझं मत असं की निम्मं भांडं मोकळं सोडावं. पहिल्या पहिल्यांदा हात थांबत नाही, अजून एक, अजून एक करत भांडं कोळ्याच्या घरासारखं होतं.

केसांनंतर पीस, कारण त्याला मला जरा कमी उष्णता बरी वाटते. चिमट्यानं काडीच्या टोकाला धरून, बाक मातीच्या बाजूला करून अलगद झोपवायचं आणि दोन-तीन सेकंदांत ते स्वतःच आकसून मोकळं होतं. जमलं तर त्याचा एक एक तंतू दिसतो. जमलं नाही तर पालापाचोळा.

साखर मधल्या वेळात, चिमूटभर, एक हात उंचावरून. ती पडल्या पडल्या उकळून काळी होते आणि पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके राहतात. उसाच्या पट्ट्यात साखरेला तोटा नाही पण मूठभर टाकू नका, डांबर होतं. हे सगळं चालू असताना वारा येतो त्या बाजूला उभं राहा, जळक्या केसांचा वास घरात गेला तर आठवडाभर ऐकून घ्यायला लागतं, अनुभव आहे.

पाचट आणि आंबील

ग्लेझ लावलेलं भांडं असेल तर रीत वेगळी. ते ९५० ते १००० डिग्रीला ग्लेझ ओलं चमकायला लागल्यावर काढायचं, पत्र्याच्या डब्यात तळाला बारीक केलेलं वाळलेलं पाचट, भांडं आत, वर अजून मूठभर पाचट, जाळ धरू द्यायचा आणि झाकण. कडेला ओली माती लिंपा. १५-२० मिनिटांनी उघडा, घाईनं उघडलं तर हवा मिळून भडका तोंडावर येतो. मोकळी माती काळीकुट्ट होते आणि पांढऱ्या ग्लेझच्या तड्यांत काळं भरतं. लाकडाच्या भुशानं सावकाश खोल काळं येतं, पाचटानं पटकन आणि पट्ट्यापट्ट्यांचं.

पूर्व युरोपात अजून एक पद्धत आहे, ओब्वारा. १ किलो पीठ, १० लिटर पाणी, यीस्टची दोन पाकिटं, चमचाभर साखर, तीन दिवस आंबवायचं, आपल्याकडे उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. वाचल्याबरोबर मला आंबील आठवली आणि मी ज्वारीचं पीठ घेतलं, चालतं. झिलईची गरज नाही. भांडं ९०० ला काढून सरळ त्या पातेल्यात बुडवायचं, एक-दोन सेकंद, वर काढून बघायचं, रंग चढायला लागला की साध्या पाण्यात बुडवून थांबवायचं. भाजलेल्या भाकरीसारखे तपकिरी-काळे-मलईरंगाचे पापुद्रे उमटतात. धक्का मात्र भयंकर, ग्रॉग भरपूर नसेल तर पातेल्यात खापरंच मिळतील.

नंतर

भांडं आपोआप पूर्ण गार होऊ द्या, पाणी मारू नका. मग कोमट पाणी आणि मऊ स्पंजनं राख पुसा, घासणी नको. एक दिवस वाळवा, थोडं उन्हात तापवून मधमाशीचं मेण सुती कापडानं अगदी पातळ चोळा, रेघा एकदम गडद होतात. यात पाणी राहत नाही, झिरपतं, आणि खायला-प्यायला तर हे भांडं नाहीच, विकत असाल तर घेणाऱ्याला तोंडानं सांगा.

फसलेलं भांडं मेण लावायच्या आधी बाजूला काढा. ते परत ८०० च्या पुढे नेऊन थोडा वेळ भरपूर हवेत ठेवलं की सगळा कार्बन जळून जातो, पाटी कोरी, पुन्हा केस लावा. माझ्याकडे एक आहे ते चार वेळा भट्टीत जाऊन आलंय, पाचव्यांदा जमलं.

परवा मामा आले, हातात बेंदरासाठी करतात तसला मातीचा बैल. म्हणाले, "याच्या वशिंडावर एक केस ओढून दे." मी म्हटलं मामा, ही साधी माती आहे, भट्टीतनं काढल्या काढल्या पाय गळून पडतील, आधी यात खापराची पूड घाला आणि पाय आखूड करा. काही बोलले नाहीत. काल संध्याकाळी त्यांच्या अंगणातनं खापर कुटल्याचा आवाज येत होता.